दिवाळीनंतरची नदी

पावसाळ्यात नदी वाहते, यात तिचे काही कर्तृत्व नसते. आषाढ-श्रावणात ओढेनाले दुथडी भरतात, साकव पाण्याखाली जातात, आणि आठवडाभर उघडीप पडली की सगळे ओसरते. नदीची परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. परतीचा पाऊस होऊन गेलेला असतो, आभाळ निरभ्र असते, रब्बीची ज्वारी वर येत असते, आणि तरीही पात्रात एक धार चालू असते. ती धार कुठून येते, या प्रश्नापासून पाणलोटाचा सगळा विषय सुरू होतो.

हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी मिळते. आपल्या दख्खनच्या नद्यांना तो आधार नाही. पर्जन्यछायेतल्या कऱ्हा, सीना, येरळा, माण यांसारख्या नद्या पावसाळा सरल्यावर वाहतात त्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. डोंगरावर, माळावर, शेतात जे पाणी पावसाळ्यात खाली उतरले, ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू पाझरत ओढ्याला येते, आणि ओढ्यातून नदीला. म्हणजे विहिरीत जे पाणी असते, तेच नदीत असते. विहिरीची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा खाली गेली की ओढा आटतो, कारण त्याला पाजणारेच कोणी उरत नाही. नदी वाचवण्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा काठावरचा कचरा, सांडपाणी, वाळूचा उपसा एवढेच डोळ्यांपुढे असते. ते प्रश्न खरेच आहेत. पण दुष्काळी पट्ट्यातल्या बहुतेक छोट्या नद्या काठावर मेल्या नाहीत. त्या काठापासून चार-पाच किलोमीटर दूर, आपापल्या पाणलोटातल्या विहिरी आणि बोअरमध्ये मेल्या.

या पुस्तकातले लेख त्या चार-पाच किलोमीटरच्या परिसराविषयी आहेत. गावांनी डोंगर कसा अडवला, ओढे कसे जिवंत केले, आणि मिळालेले पाणी पुढे कसे टिकवले किंवा गमावले, याची ही हकिगत आहे. ती वाचण्याआधी आपल्या पायाखालची जमीन थोडी समजून घेतली पाहिजे.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या खडकाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला किंवा सच्छिद्र मांजऱ्या खडक, आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात, भेगांत आणि त्या सच्छिद्र थरात. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर जाडीचा वाळू-गाळाचा साठा असतो, तसे आपल्याकडे काही नाही. आपल्या खडकाची साठवण आकारमानाच्या जेमतेम दोन-तीन टक्के. त्यामुळे आपला भूजलसाठा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. पाणलोटाच्या कामातली आशा आणि धोका, दोन्ही या एका गुणात आहेत. चांगले काम झाले तर एकदोन पावसाळ्यांत विहिरींना पाणी चढते, लोकांना आपल्या डोळ्यांनी फरक दिसतो. आणि तेवढ्याच वेगाने, दोन-तीन हंगामांच्या बेसुमार उपशात, ते सगळे संपूनही जाते.

पाणी डोंगरातच अडवावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सुचवले होते की, फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या हातांकडून डोंगर-टेकड्यांवर जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग ओढ्या-नाल्यांना मिळेल. ‘मुरून मग’ हा क्रम त्यांना दिसला होता. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे आपण मोठी धरणे हेच पाण्याचे उत्तर मानत आलो. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि तरीही इथल्या शेतीचा मोठा भाग आजही पावसावर आहे. धरणाचे पाणी कालव्याच्या खालच्या बाजूला जाते. वरच्या अंगाच्या, चढाच्या गावांना त्यातला थेंबही मिळत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने हे उघडे पाडले. लाखो माणसे दुष्काळी कामांवर गेली, रस्त्यासाठी खडी फोडत बसली. त्याच काळात पुण्यात अभियांत्रिकी उद्योग चालवणारे विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडत होते. एवढ्या हातांची ताकद खडी फोडण्यात का जावी, हा प्रश्न त्यांना पडला. ती ताकद माती आणि पाणी अडवण्याकडे वळली तर पुढच्या वर्षी याच माणसांना दुष्काळी कामावर यावे लागणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९७४ मध्ये त्यांनी आणि कल्पनाताई साळुंखे यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान उभे केले, नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन घेतली, आणि तिथेच राहून काम सुरू केले. उतारावर बांधबंदिस्ती, पायथ्याला छोटा पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर, विहिरीतून उचललेले पाणी पुन्हा वरच्या शेताला. एका छोट्या पाणलोटात काय घडू शकते, ते तिथे लोकांना दिसू लागले.

मात्र साळुंखे यांचे मोठेपण मला तलावाच्या कामापेक्षा पुढच्या टप्प्यात दिसते. पाणी आले, आता ते कोणाचे? प्रचलित उत्तर सोपे होते: ज्याची जमीन त्याचे पाणी, आणि ज्याची जमीन जास्त त्याचे पाणी जास्त. साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हे उत्तर नाकारले. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. ऊस आणि त्यासारखी बारमाही तहानलेली पिके घ्यायची नाहीत. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी, आणि त्याच्या पाळीत कोणाची लुडबूड नाही.

आज वाचताना हे नियम साधे वाटतील. ज्या तालुक्यात पाटाच्या पाण्यावरून भावाभावांत कोर्टकज्जे होतात, तिथे भूमिहीन माणसाला पाण्याचा हक्कदार करणे म्हणजे काय, हे गावात राहणाऱ्यालाच कळेल. पाणी हाती आल्यावर तो माणूस दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकत होता, कारण आता त्याच्याकडे देण्यासारखे काहीतरी होते. महाराष्ट्रात पाण्यावर जे काही लिहिले-बोलले गेले, त्यात इतका मूलगामी विचार मला दुसरा आढळत नाही. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. विजेची बिले थकली, कुठे नेतृत्व गेले, कुठे आसपासचा ऊस पाहून गटातल्या लोकांचे मन फिरले. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र आजही तेवढाच सजीव आहे, आणि या पुस्तकातले प्रत्येक गाव आपापल्या परीने त्याला सामोरे जाते किंवा त्याच्यापासून तोंड फिरवते.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची कथा मराठी वाचकाला माहीत आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान यांची जोड पाणलोटाच्या कामाला मिळाली आणि पुढे शासनाची आदर्श गाव योजना त्याच धर्तीवर आली. नव्वदीच्या दशकात फादर हर्मन बाकर यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम सुरू झाला. तिथे शिस्त अशी की, गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, मग निधी यायचा. आणि काम डोंगरमाथ्यावरून सुरू होऊन पायथ्याकडे यायचे. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी आणि जालन्याजवळचे कडवंची ही त्या कार्यक्रमातली नाणावलेली गावे.

‘माथा ते पायथा’ हे सूत्र इतके उच्चारले गेले आहे की त्यामागची कारणे मागे पडली. डोंगराच्या माथ्यावर पाणी थोडे असते आणि त्याला अजून वेग आलेला नसतो. तिथे त्याला थांबवायला गुडघ्याएवढा चर पुरतो. तेच पाणी खाली आले, चार ओहोळ एकत्र झाले, की त्याला थांबवायला सिमेंटची भिंत लागते, आणि सोबत आलेली माती त्या भिंतीमागे साठून तीनचार वर्षांत बंधारा गाळाने भरतो. म्हणून वरचे काम न करता खाली बंधारा बांधणे म्हणजे गाळ साठवण्याची सोय करणे.

सलग समतल चर खणण्याआधीचे आखणीचे काम एकदा तरी जवळून पाहावे. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधलेले, मध्ये एक आडवी काठी, आणि वरच्या गाठीतून सुतळीला लोंबणारा दगड. सुतळी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत. मग एक पाय तिथेच रोवून दुसरा फिरवायचा, पुन्हा खूण जुळवायची, फक्कीने रेघ ओढायची. अशी ती रेघ डोंगराच्या अंगावरून वळणे घेत जाते. कधी एखाद्या खडकाच्या वरून, कधी करवंदीच्या जाळीखालून, पण उंची सोडत नाही. सरळ रेषेची सवय असलेल्या डोळ्याला ती वाकडी वाटते. पाण्याच्या दृष्टीने तीच सपाट असते. चराची माती खालच्या बाजूला टाकायची, त्या मातीच्या वरंब्यावर गवताचे बी, स्टायलो हेमाटा किंवा स्थानिक पवना-मारवेल, आणि अधूनमधून झाडे लावायची. आखणीत वितीएवढी चूक झाली तरी पाणी चराच्या एका टोकाला धावते, तिथे वरंबा फुटतो आणि खालचे सगळे चर एकामागून एक फुटत जातात. म्हणून हे काम घाईचे नाही, आणि ठेकेदाराच्या मोजमाप-पुस्तिकेत त्याची किंमत नीट बसत नाही. खाली उभारलेला सिमेंटचा बंधारा उद्घाटनाच्या फोटोत येतो, डोंगरावरची रेघ येत नाही. आपल्या अनेक सरकारी पाणलोट कामांची अवनती इथूनच झाली.

२०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात जुन्या तलावांतला गाळ निघाला, अनेक गावांत बंद पडलेली कामे दुरुस्त झाली. ते चांगलेच झाले. पण जिथे जेसीबी आणि पोकलेनने नाले कालव्यासारखे उभे कापले गेले, तिथे माथ्याचे काम राहिले आणि नाल्याचा तळ थेट खडकापर्यंत उघडा पडला. भूजलतज्ज्ञांनी याबद्दल वारंवार सावध केले होते. नाल्याच्या तळाचा मुरूम हा पाणी धरणारा थर असतो. तो खरवडला तर आजूबाजूच्या शेतांतले पाणी उलट नाल्यात उतरते, लवकर दिसते आणि लवकर संपते. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतून सुरू झालेल्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने उन्हाळ्याच्या ४५ दिवसांत गावेच्या गावे श्रमदानाला उतरवली. त्याचे मोल मला मोठे वाटते, कारण आखणी कशी करायची हे ज्ञान त्यातून इंजिनिअरच्या कार्यालयातून गावातल्या बायका-पोरांच्या हातात आले. तरी स्पर्धेचे दिवस संपले, पावसाळा आला, विहिरी भरल्या, आणि मग? पाणी पाहून पुढच्याच हंगामात ऊस किंवा फळबाग लागली, तर त्या ४५ दिवसांच्या घामाचे पाणी एका पिकात जाते.

हिवरे बाजार या प्रश्नाला सामोरे गेले, म्हणून ते महत्त्वाचे. अहिल्यानगर जिल्ह्यातले, वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचे हे गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. चर, बांध, पाझर तलाव ही कामे तिथेही झाली, पण गावाने त्याबरोबर शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले. ऊस आणि केळी नको. आणि दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. हे गणित कोणालाही करता येण्यासारखे आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसात गावावर जवळजवळ ९८ कोटी लिटर पाणी पडते. त्यातले काही वाफ होऊन गेले, काही वाहून गेले, काही मातीत ओल म्हणून राहिले, उरलेले विहिरीत उतरले. पर्जन्यमापकाचा आकडा आणि निरीक्षण विहिरींची पातळी समोर ठेवायची. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे बाजूला काढायचे. मग उरेल त्यात रब्बीला किती क्षेत्र, कोणते पीक, हे सगळ्यांनी बसून ठरवायचे. पाऊस कमी झाला तर गहू कमी, उन्हाळी पीक बंद.

हे ऐकायला सोपे, करायला फार अवघड आहे. ज्याच्या विहिरीला चांगले पाणी आहे त्याने, शेजाऱ्याच्या विहिरीला नाही म्हणून, स्वतःच्या मोटारीचे बटण बंद ठेवायचे. बेसाल्टखाली दोन्ही विहिरी एकाच साठ्यातून पितात, हे त्याला मनोमन पटलेले असल्याशिवाय ते होत नाही. विहीर माझ्या शेतात आहे म्हणून तिच्यातले पाणीही माझेच, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुजलेली आहे, आणि ती सुटल्याशिवाय ओढ्याला दिवाळीनंतर धार राहणार नाही. म्हणून एखाद्या गावाचे काम चांगले की वाईट, हे मी बंधाऱ्यांच्या संख्येवरून ठरवत नाही. त्या गावात कोणी पाण्याला ‘नाही’ म्हटले का, हे विचारतो. बोअरला नाही, उसाला नाही, विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात पाणी भरून ठेवायला नाही. या शेवटच्या प्रकाराची मला विशेष काळजी वाटते. शेततळे पावसाचे पाणी धरायला होते. आता अनेक ठिकाणी ते जमिनीखालचे सामायिक पाणी वर काढून एकट्याच्या मालकीचे करण्याचे साधन झाले आहे, आणि बाष्पीभवनात त्यातला मोठा वाटा उडून जातो.

एका गावाचा विचार इथवर येतो. नदी मात्र एका गावाची नसते. ग्रामसभेची सत्ता शिवेपाशी संपते, पाणलोट शीव ओळखत नाही. वरच्या गावाने सगळे पाणी अडवले तर खालच्या गावाच्या बंधाऱ्यात काय येणार? राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात तरुण भारत संघाने राजेंद्र सिंह यांच्या नेतृत्वाखाली १९८५ पासून गावोगाव जोहड, म्हणजे पावसाचे पाणी अडवणारे मातीचे छोटे बांध, बांधले, अरवरी नदी पुन्हा वाहू लागली, आणि लगेच नवा पेच आला: वाहत्या नदीवर, तिच्यातल्या मासळीवर हक्क कोणाचा? सरकारने मासेमारीचा ठेका द्यायला घेतला तेव्हा गावे उभी राहिली. १९९९ मध्ये खोऱ्यातल्या ७० गावांनी अरवरी संसद स्थापली. तिला कायद्याचा आधार नाही. तरी ऊस आणि भात लावू नये, नदीतून किती उपसावे, असे नियम तिने केले. आपल्याकडे धुळ्याकडच्या पांझरा नदीवर फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाण्यावर आळीपाळीने, फडनिहाय एकच पीक घेण्याची शिस्त शेकडो वर्षे चालली, पाटकरी आणि जागल्या गावांनी पोसले. सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा स्मृती धरण लोकांनी स्वतः उभारले, नदीच्या वाळूतून पैसा काढून, आणि भूमिहीनांसह सर्वांना पाणी हे तत्त्व धरून. म्हणजे नदीच्या पातळीवर एकत्र येणे आपल्याला परके नाही.

२००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. एका पाणलोटातल्या गावांचे प्रतिनिधी एकत्र बसून भूजलाच्या वापराचे आणि पिकांचे नियोजन करतील, असा त्यामागचा विचार. तरतूद आहे म्हणून समित्या जिवंत होत नाहीत, हे खरे; तरी जी गावे शेजारच्या गावांशी बोलायला तयार आहेत त्यांच्या हाती आज एक कायदेशीर आधार आहे, जो साळुंखे यांच्या काळात नव्हता.

आणखी एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवून पुढे जावे. चराईबंदी केली की डोंगरावर गवत येते, हे सगळे सांगतात. ज्या धनगर कुटुंबाची मेंढरे त्या डोंगरावर चरत होती, त्याचे काय झाले हे क्वचितच कोणी लिहून ठेवते. श्रमदानात सर्वांत जास्त दिवस काम करणाऱ्या बायकांपैकी अनेकींच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते, म्हणजे भरलेल्या विहिरीतून त्यांना हंडाभर पिण्याचे पाणी मिळते आणि सिंचनाचे काहीच नाही. पाणी पंचायतीने भूमिहीनाला वाटा देण्याचा नियम याच ठिकाणी किती दूरचा विचार करून केला होता, ते उमगते. पुढच्या पानांतल्या काही गावांनी बंद डोंगरावरचे गवत मोफत कापून नेण्याचा हक्क भूमिहीनांना आणि मेंढपाळांना दिला आहे. काहींनी तेच गवत लिलावात काढले आणि पैसा मंदिराला दिला. कुठे काय घडले, ते लेखकांनी नावानिशी, आडपडदा न ठेवता लिहिले आहे. सर्व गावांविषयी गोड लिहिणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

लेखांचा क्रम जिल्ह्यानुसार नाही, तो उताराला धरून आहे. आधी उगमाजवळची, डोंगरातली गावे, मग मधल्या टप्प्यातली, आणि शेवटी खालच्या अंगाची, जिथे ओढे नदीला मिळतात. हाच क्रम धरून वाचावे. वरच्या गावाची हकिगत वाचून झाली की तिथेच न थांबता खालच्या गावाच्या लेखात जावे, आणि वर जे अडवले गेले त्याने खाली काय झाले, किती विहिरींना पाणी आले, ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला, हे तिथे शोधावे. जिथे ते लिहिलेले सापडणार नाही, तिथे त्या दोन गावांनी अजून एकमेकांना विचारलेले नाही.